हर्षाच्या नावाची ढाल

दिव्यानी, ते गाईड मिटव आता. अंधार पडला, लाईन काई येत नाई. विक्की, तू बी सरक इकडं. कोणत्या धड्यातल्या माणसाचा स्वभाव कसा, हे पाठ करून राह्यले ना तुमी? मंग बोरकुटे सरांचं ऐका. इंग्रजी शिकवत आपल्या गावच्या शाळेत, अन् राहत आपल्या या समोरच्या खोलीत, भाड्यानं. त्याईनं मले आपल्या तोंडानं सांगतलं, म्हणून सांगतो.

मागच्या साली, मार्गशीर्ष अवसेची रात. सोमवार होता. सर शाळा सुटल्यावर गाडीनं तालुक्याच्या गावाले, मूलले गेले होते. काम साधं. शाळेचं गॅदरिंग आलं होतं, बक्षिसाच्या ढाली बनवाले टाकल्या होत्या, त्या आणाच्या. नावं कोराले दुकानदारानं उशीर लावला. सरांनी चहा घेतला, ढालींचा डब्बा सीटवर मागं बांधला, कानाले मफलर गुंडाळला अन् निघाले.

त्याच्यातली एक ढाल हर्षाच्या नावाची होती.

हर्षा म्हंजे नाल्यापलीकडच्या टोल्यावरच्या, त्या लहान वस्तीतल्या केसरबाईची पोट्टी. तुमी तवा चंद्रपूरले राहत होते, तुमाले माहीत नाई. त्याच्या आदल्या साली ती दहावीत होती. त्याईच्या पुस्तकात एक धडा होता. थंड मुलखातला एक मालक. घरकामाची पोरगी उलटून बोल्ली म्हणून त्यानं तिले रातच्याले फाटकाबाहेर काढलं. सकाळी ती बर्फात मेलेली. मंग मालकानं फाटकापाशी तिच्या नावानं दगडाचा बाक बांधला. गाईडमंदी उत्तर काय? मालक दयाळू होता. धड्याचा विषय काय? दया.

हर्षा वर्गात उभी झाली. म्हणे, "सर, बाक तर ती मेल्यावर बांधला. जित्ती होती तवा फाटक नाई उघडलं. हे दया कशी? मले तर वाटते, तो लोकाईले भेत होता."

सांगा, काय चुकीचं बोल्ली?

सर भडकले. "गाईड लिहिणाऱ्यापेक्षा तू हुशार झाली का? जे लिहिलं तेच पाठ कर. पाठ झाल्याबिगर घरी जाचं नाई."

शाळा सुटली. टोल्यावरचे पोट्टे सारे घोळक्यानं निघून गेले. वाघाच्या भेवानं घोळक्यानंच जाचं, असा नेमच होता. शाळेलेबी माहीत, सरांलेबी माहीत. हर्षा वर्गात बसून राह्यली. दिवस बुडाल्यावर सोडली तिले. एकटीले.

नाल्याच्या वळणावर वाघानं नेली.

अन् शाळेनं काय सांगतलं? पोरगी आपल्या मनानं मागं राह्यली. शोकसभा घेतली. सर उभे होऊन बोल्ले, हर्षा लय गुणी होती. मंग ठरलं, इंग्रजीत पह्यला येईन त्याले तिच्या नावाची ढाल. केसरबाईले बोलावून संस्थेच्या लोकाईनं फोटो काढला. माह्या अंगाची आग झाली होती त्या दिवशी. अजूनबी होते.

तर सर मूलहून येऊन राह्यले होते. नाल्याचं वळण आलं. लाईटच्या उजेडात एक पोरगी दिसली, रस्त्याच्या कडंले. शाळेचा ड्रेस. पाठमोरी. सरांले वाटलं, कोणाची पोरगी मागं राह्यली. गाडी थांबवली.

"काऊन वं, एवढ्या राती? बस मागं, सोडतो घरी."

"पाठ झालं नाई, सर."

सर म्हणत, तो आवाज आला अन् माहे हात हँडलवरच राह्यले.

"घरी नाई जाता येत... पाठ झाल्याबिगर."

जंगल चूप. रातकिडाबी नाई.

"सर... तो मालक कसा होता?"

भेवानं माणसाच्या तोंडून जे पाठ आहे तेच निघते. सर म्हणाले, "द... दयाळू."

"मंग फाटक काऊन नाई उघडलं?"

"त्याले... माहीत नव्हतं..."

"माहीत होतं."

...

"डब्ब्यात काय आहे, सर?"

"ढाल. तुह्या... तुह्या नावाची."

मंग ती एवढंच म्हणे,

"बाक."

सर गाडीवरून उतरले. उतरले का पडले, त्याईलेबी सांगता येत नव्हतं. मातीत बसले. हात जोडले.

"कसा होता, सर?"

"भेकड! भेकड होता वं तो! पोरगी खरं बोल्ली, ते त्याले सोसलं नाई..."

"हे शाळेत सांगा."

सर हो म्हणाले. मान वर केली. कोणी नाई.

त्या राती सर या अंगणात लहान लेकरासारखे रडले. सकाळी मीच त्याईले केसरबाईकडं नेलं. तिनं बसा म्हणलं नाई. सारं ऐकलं. म्हणे, "माह्या घरी रडू नका, सर. माही पोरगी तुमच्या वर्गात चुकली होती ना? मंग गॅदरिंगमंदी माईकवर सांगा, का ती बरोबर होती. अन् तिले कोणी थांबवून ठेवलं, तेबी सांगा."

सर "हो, बाई" म्हणाले.

गॅदरिंगच्या दिवशी सर माईकवर गेले. समोर संस्थेचे लोक बसलेले. केसरबाई मागं उभी. सरांनी घसा खाकरला. मंग ढालीवरचं नाव वाचून दाखवलं, ढाल देल्ली, टाळ्या झाल्या, अन् खाली उतरले. केसरबाईनं पदर खोचला अन् चालली गेली.

महिन्याभरात सरांनी खोली सोडली. आता वरोऱ्याकडं कोणत्या तरी शाळेत आहेत. तिथला एक पोट्टा मले भेटला होता. त्याले इचारलं, मालक कसा होता रे? तो म्हणे, दयाळू. सरांनीच लिहून देल्लं.

असा माणूस!

...

आपल्या गावातला झाडू नावाचा पोट्टा वनखात्याच्या कामावर जाते. वाघ मोजाले त्याईनं वळणावर झाडाले कॅमेरा बांधला होता. समोर काई जित्तं हाललं तरच तो फोटो काढते. त्या अवसेच्या रातीचे फोटो झाडूनं मले मोबाईलवर दाखवले.

पह्यल्यात सर, गाडीवर. मंग सर मातीत बसलेले, हात जोडून. एकटे. मंग सर चालले गेले.

अन् त्याच्यानंतर... फोटोच फोटो. पहाट होईपर्यंत. रिकामा रस्ता. ना वाघ, ना माणूस.

फक्त कडंचं गवत. एका जागी दबलेलं, पाय ठेवल्यासारखं. पुढच्या फोटोत ते उभं, अन् त्याच्या पुढचं दबलेलं.

शेवटच्या फोटोत ती जागा चौकटीच्या पार काठावर गेली होती. टोल्याच्या बाजूले नाई...

शाळेच्या बाजूले.