तीस फुटांची पोच

कॉम्प्युटर दुरुस्तीचं माझं दुकान यावलला, बसस्टँडसमोर. निम्मे बिघाड मी फोनवरच काढतो. लोकांना अक्कल कमी आणि मला वेळ कमी, म्हणून "बंद करून ठेवा, येतो मी" हे माझं ठरलेलं उत्तर. लीलाधर आबांनाही तेच दिलं होतं. पडद्यावरचा बाण आपोआप पळतोय, म्हणाले. मी हसलो आणि फोन ठेवला. मग आज-उद्या करता करता पंधरा दिवस गेले.

गेलो ते भर दुपारी. घर गावाबाहेर, केळीच्या बागेला चिकटून. दारात आबा, आत त्यांची सून कामिनी. तिचा नवरा पुण्याला कंपनीत, त्याच्याशी बोलायला म्हणून हा कॉम्प्युटर घेतलेला. घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. खिडकीतून ओल्या मातीचा आणि कुजलेल्या खोडांचा वास येत होता.

"लाव गं, दाखव यायले," आबा म्हणाले.

बाण हलत होता. मध्येच थांबायचा, मग धडपडल्यासारखा पळायचा. वायरचा माऊस टेबलावर नुसता पडलेला. मी तो काढला, बाण हलतच राहिला. कीबोर्ड काढला. कुणी लांबून चालवत असेल म्हणून इंटरनेटची वायर काढली. तरी तेच. आता मला चीड आली. सीपीयू ओढून मागे बघितलं, तर तिथं नखाएवढा रिसीव्हर खोचलेला. म्हटलं, सापडला चोर.

"याचा बिनवायरीचा माऊस कुठाय? कुणीतरी तो चाळवतंय. तीस फुटांच्या आतच असणार."

कामिनीनं आबांकडे बघितलं. आबांनी जमिनीकडे.

"डिंपलच्या हातात दिला," आबा म्हणाले. "मही नात. चार वर्साची. मण्यार चावली तिले, झोपेत. दिवसभर त्याच्यावरच चित्रं काढे... म्हणून सोबत दिला. लहान लेकराले जाळत नई आपल्याकडे. तिथंच पुरलं."

त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. केळीची पहिली ओळ. खिडकीपासून आठ-दहा पावलं.

मी खिडकीपाशी गेलो. "बाण कधीपासून हलतोय?"

"सकाळी पुरलं. दुपारी चारला हालाले लागला," कामिनी म्हणाली. "मी म्हटलं, आबा, खणा... आबांनी तुमाले फोन केला. तुमी म्हणले, बंद करून ठेवा."

तिनं चित्रं काढायचं पान उघडलं. रेघ सरकू लागली. वेडावाकडा चौकोन झाला.

"घर काढे रोज. दार, खिडकी... आता दार काढत नई," ती म्हणाली.

चौकोनाच्या आत रेघ फिरत राहिली, सगळा चौकोन काळा होईपर्यंत.

मण्यार चावलेलं माणूस मेल्यासारखं दिसतं, श्वाससुद्धा कळत नाही, हे मला ठाऊक होतं. माझ्या सख्ख्या काकांना तिरडीवरून परत आणलेलं मी बघितलंय. आणि हात लागल्याशिवाय माऊस हलत नाही, हे तर माझ्या पोटापाण्याचंच ज्ञान.

"भाऊ, खरं सांगा. त्या दिवशी खणलं असतं तर...?"

मी तिच्याकडे न बघता रिसीव्हर उपटला. बाण थांबला.

"हा खराब झालाय. बाकी काही नाही," मी म्हणालो. इतकं नीच मी आयुष्यात बोललो नाही.

तिनं हात पुढे केला. "ठेवून जा भाऊ. तेवढंच हाये मह्याजवळ."

मी तो खिशात घातला. आबा दारापर्यंत आले, माझा हात धरून म्हणाले, "सुटलो बाप्पा." मला त्यांचा हात झटकावासा वाटला.

तिसऱ्या दिवशी आबांचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"कामिनीनं खणलं... हातानं. आम्ही पोरीले उताणी निजवली व्हती... पालथी हाये. बोटं मातीत रुतेल हायेत." मग म्हणाले, "अन् माऊस... सारं उकरलं. नई सापडला."

सवयीनं माझ्या तोंडातून निघून गेलं, "आबा, कॉम्प्युटर बंद करून ठेवा." फोन ठेवला आणि स्वतःची किळस आली.

रिसीव्हर ड्रॉवरमध्ये होता. फेकायच्या आधी एकदा बघावं, एवढंच मनात होतं. दुकानाचा कॉम्प्युटर चालू केला, माझा माऊस काढून बाजूला ठेवला, रिसीव्हर खोचला आणि चित्राचं पान उघडलं. बाण थोडा वेळ गप्प उभा होता. मग हळूच सरकला. चौकोन झाला. या वेळी त्याला दार होतं.

त्या रिसीव्हरची पोच तीस फूट. माझं दुकान दहा बाय बारा.