एकतर्फी चार्ज

भर दुपारची गोष्ट आहे. उगाच रात्र व्हायची वाट बघू नका. धरणाच्या पोटात दिवस काय आणि रात्र काय, सारखंच.

बाई जीपमधून उतरल्या त्या हातात प्रमोशनची ऑर्डर घेऊनच. खात्यात सगळे त्यांना 'डिप्लोमाबाई' म्हणायचे, अर्थात पाठीमागे. डिप्लोमावर नोकरीला लागल्या आणि कनिष्ठ अभियंता म्हणूनच त्यांचे केस पिकायला लागले. डिग्रीवाली पोरं त्यांच्या हाताखाली काम शिकली आणि त्यांच्याच डोक्यावर साहेब होऊन बसली. मग मात्र बाई इरेला पेटल्या. मुलीची दहावी आणि आईची डिग्री एकाच टेबलावर झाली. त्यावर खात्याची परीक्षा. आणि आता उपअभियंता! मेख एवढीच, की आज ऑफिस सुटायच्या आत चार्ज घेतला नाही तर प्रमोशन रद्द. यादीतला पुढचा माणूस टपूनच बसला होता.

"साहेब झाल्याशिवाय घरी येऊ नकोस हं," नवरा सकाळी हसत म्हणाला होता.

गॅलरीच्या दाराशी पंपवाले काका उभे होते. गॅलरी म्हणजे धरणाच्या भिंतीच्या आतून जाणारा लांबलचक बोगदा. झिरपलेलं पाणी तिथे जमतं आणि पार टोकाचा पंप ते बाहेर फेकतो. इथली पद्धत अशी, की त्या पंपाशी उभं राहून जुन्या साहेबाने म्हणायचं 'दिला', नव्याने म्हणायचं 'घेतला'. सह्या नंतर. पण जुने साहेब होते कुठे? तेही बिचारे डिप्लोमावालेच. प्रमोशनची वाट बघत त्या पंपाशी बसल्या बसल्याच गेले. चार्ज कुणालाच न देता.

"तीन डिग्रीवाले येऊन गेले, बाई," काका हळूच म्हणाले. "अर्ध्या वाटेतून परत फिरले आणि रजा टाकून जे गेले ते गेलेच. आत कुणीतरी विचारतं... चार्ज घ्यायला आलात का, म्हणून."

"बरोबरच विचारतं. चार्ज घ्यायलाच आलेय मी. देणारा हजर नसेल तर एकतर्फी घेता येतो. नियमात बसतं. द्या तो टॉर्च इकडे."

काका आत आले नाहीत.

दहा-वीस पावलांतच ऊन मागे राहिलं. ओल्या सिमेंटचा आणि गंजाचा वास नाकात बसला. भिंतींतून पाणी ठिबकत होतं, आणि पलीकडे अख्ख्या जलाशयाचं ओझं त्याच भिंतीला टेकलेलं. दिवे होते, पण एक लागलेला तर दोन गेलेले. 'आधी हे दिवे बदलून घ्यायचे,' बाई स्वतःशीच म्हणाल्या. साहेबासारखं बोलून बघितलं की जरा धीर येत होता.

पंप दिसला, तसा एक वेगळाच वास आला. बामाचा. गुडघे दुखणारी माणसं चोळतात तो.

"आलात...?"

बाईंनी टॉर्च आवाजाच्या दिशेने वळवला. "क... कोण आहे?"

"चार्ज घ्यायला... आलात का?"

"हो. एकतर्फी घेतेय," सवयीने तोंडातून निघून गेलं.

बाई पंपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मग अगदी कानाशी कुणीतरी म्हणालं,

"एकतर्फी कशाला... मी आहे ना."

खोटं कशाला बोला, बाईंना पळावंसंच वाटलं. पाय मागे फिरलासुद्धा. पण दाराबाहेर काय होतं? तीच जुनी खुर्ची, आणि जन्मभर 'डिप्लोमाबाई'. नाही म्हणजे नाही! भिंतीला पाठ लावून त्या घट्ट उभ्या राहिल्या.

"असाल ना, मग रीतसर द्या. म्हणा, दिला."

"दिला..." किती थकलेला आवाज तो!

"घेतला!" त्या मोठ्याने म्हणाल्या. "साहेब, तुम्ही कार्यमुक्त झालात. जा आता. घरी जा."

पावलं वाजली. त्यांना घासून पुढे गेली, दाराकडे. बामाचा वासही विरत विरत गेला.

बाई बाहेर आल्या तेव्हा चांगलं ऊन होतं. दाराशीच चार्जच्या कागदावर सही ठोकली. लगेच त्यांनी नवऱ्याला फोन लावला.

"घेतला चार्ज!"

"अरे वा! साहेब, अभिनंदन!" तो ओरडलाच. मग म्हणाला, "काय? काय म्हणालीस? कोण यायचंय अजून?"

बाई काहीच बोलल्या नव्हत्या. आवाज पाठीमागून, गॅलरीतून आला होता. बाईमाणसाचा, दमलेला, हळू.

"कुणी आलंय का... चार्ज घ्यायला...?"

आवाज त्यांचाच होता.

"काका," फोन घट्ट धरून बाईंनी विचारलं, "आत कोण राहिलंय?"

"कुणी नाही, बाई," काका दाराला कुलूप घालत म्हणाले. "जुन्या साहेबांचाही आवाज असाच आतून यायचा. ते जिवंत, इथे माझ्याशेजारी उभे असायचे ना... तेव्हापासून."