झऱ्याच्या पोटात

शहराची पुढल्या पन्नास वर्षांची तहान भागेल एवढं पाणी डोंगराच्या पोटात खरंच आहे का, हे डोळ्यांनी पाहायला आम्ही तिघं निघालो होतो. शहर नुसतं फुगत चाललं होतं. नव्या वसाहतींत नळ बसले होते, पण नळाला यायचा तो फुसकारा. पाणी योजना विभागाच्या मॅडमनी आराखडा आखला होता : डोंगरातून फुटणारा झरा सगळाच्या सगळा पाइपात घ्यायचा. खालच्या पाणथळीचं आणि तिथल्या पाखरांचं काय, असं कुणी विचारलं की त्या माझ्या वह्या पुढे करत. झरा दोघांना पुरून उरेल, असं त्या वह्या सांगत होत्या.

झऱ्याचा मोजणीदार मी. तोंडाशी रोवलेली पट्टी रोज सकाळी वाचायची आणि पाण्याची उंची लिहायची, हे माझं एकोणीस वर्षांचं काम. तिसरा माझा मेहुणा. दोर लावून कडे चढणं हा त्याचा धंदा, म्हणून सगळे त्याला घोरपड म्हणत. मॅडम सहीच्या आधी पाण्याचा साठा बघणार होत्या, आणि वाट दाखवणार होता घोरपड.

झऱ्याच्या बऱ्याच वर एक कपार होती. तिच्यातून पोटावर सरपटत, उतरत उतरत आत जायचं. कोपरं सोलली, छत पाठीला घासत होतं, मागे वळायची सोय नव्हती. मला तर मधेच बायकोचा चेहरा आठवला. घोरपड म्हणाला की ताईने त्याला बजावलंय, दाजींना आणलंस तसं परत आण, नाहीतर तूही येऊ नकोस.

बोळ संपला आणि बॅटऱ्यांच्या उजेडात एक प्रचंड दालन उघडलं. भिंती गुळगुळीत, ओल्या, पार छतापर्यंत गाळाने माखलेल्या. मधोमध एक धोंडा. आणि तळाला गुडघाभर पाणी!

मॅडमनी मोजमाप काढायला सुरुवात केली. मी फीत धरून उभा होतो. थोड्या वेळाने फितीचं टोक मला वर उचलावं लागलं. मग पुन्हा उचलावं लागलं. पाणी चढत होतं!

बाहेर आभाळ कोरडं ठणठणीत, मग हे कुठून? आम्ही बोळाकडे धावलो. उशीर झाला होता. बोळाचं तोंड दालनाच्या तळापासून जेमतेम गुडघ्याच्या वर, ते केव्हाच बुडालं होतं. आम्ही धोंड्यावर चढलो. पाणी घोट्याशी आलं. गार, मुकाट, आवाज न करता. गाळाच्या खुणा छतापर्यंत होत्या. म्हणजे पाणी कुठे थांबेल याचा काहीच भरवसा नव्हता.

घोरपडीने दोर कमरेला बांधला. बुडालेला बोळ अजून वीसच हात असेल, तो पोहून जाईल आणि आम्हाला ओढून घेईल, असं त्याचं म्हणणं. त्या बोळात मान वळत नव्हती. वीस हातांचे पंचवीस निघाले तर? मॅडमनी मान हलवली. जा, असं.

पाण्यापेक्षाही मला जे बोलायचं होतं त्याची भीती जास्त होती.

"थांब," मी म्हणालो. "हे पाणी उतरतं. मला माहीत आहे."

"कसं माहीत?" मॅडमनी विचारलं.

"मी वह्यांत खोटं लिहिलंय."

मग सगळं सांगितलं. पट्टीवर पाणी कधी भरपूर असायचं, कधी नुसतं चार बोटं. माझ्या आधीच्या मोजणीदाराने शिकवलं होतं की पाणी कमी दिसलं तर तोंडात कचरा अडकला समजायचं, काठीने ढोसायचं आणि बसून राहायचं. पाणी आलं की तो आकडा लिहायचा. मी एकोणीस वर्षं ढोसत आलो. झरा माझ्या काठीने वाहतो असं मला वाटे! आत्ता हे दालन भरताना बघून कळलं, तो आपल्या लयीने चालत होता. हे दालन भरायचं, भिंतीत कुठेतरी असणाऱ्या वाकड्या नळीच्या वर पाणी गेलं की सगळं एकदम बाहेर ओढलं जायचं, आणि पुन्हा भरायला लागायचं.

"किती वेळ लागतो भरायला?" मॅडमचा आवाज सपाट होता.

घड्याळ मी कधी लावलंच नव्हतं. पण वाट बघताना मी देवळात दर आठवड्याला ऐकलेलं निरूपण मनातल्या मनात म्हणत असे, गाण्यांसकट. कधी पाणी लगेच येई, कधी बसावं लागे. पण शेवटचं गाणं संपलं आणि पाणी आलं नाही, असं एकदाही झालं नव्हतं.

"मग म्हणा," मॅडम म्हणाल्या.

मी म्हणू लागलो. त्या आठवड्याचा विषय होता अहंकार. पाणी कमरेला आलं. छातीला आलं. घोरपडीने दोर धोंड्याला आणि आम्हा तिघांना आवळला. एक बॅटरी विझली. मी शेवटचं गाणं गायलो.

पाणी चढतच होतं.

मॅडमच्या हनुवटीला पाणी लागत होतं. मग अंधारातून घोरपड म्हणाला, "दाजी, भीतीने घाई केलीत. ताल पार पळवलात. शेवटचं परत म्हणा, सावकाश."

मी डोळे मिटले आणि देवासमोर बसल्यासारखा सावकाश गाऊ लागलो. दुसऱ्या कडव्यात भिंतीने घशात आवाज केला. गुर्रर्र! पाणी खेचलं गेलं, पाय उडाले, दोर काचला, सगळं दालन गरजलं! आम्ही ओल्या चिंध्यांसारखे धोंड्याला लटकलो होतो. आणि पाणी उतरलं. छाती, कंबर, गुडघे. बोळाचं तोंड उघडं पडलं.

"चला!" घोरपड ओरडला. आम्ही सरपटलो. पुन्हा भरायच्या आत. नखं तुटली, श्वास फुलला, आणि ऊन दिसलं.

झरा दुथडी भरून वाहत होता, अगदी माझ्या वह्यांतल्यासारखा. मॅडम पट्टीपाशी बसल्या आणि पाणी ओसरेपर्यंत हलल्या नाहीत. मग त्यांनी पिशवीतून आराखडा काढला. तो ओला लगदा झाला होता. त्यांनी तो उलगडलाही नाही.

"दिवसाचं पाणी वह्यांतल्याच्या निम्मंही नाही," त्या म्हणाल्या. "एवढ्यावर दोन लाख माणसं बसवली असती मी." खाली पाणथळीत पाखरं उतरत होती. त्यांच्याकडे बघत त्या पुढे म्हणाल्या की हे त्यांचंच राहू दे, शहरासाठी दुसरीकडे शोधू, आणि आधी गळके नळ दुरुस्त करू.

माझी नोकरी गेली, असं धरून मी उठलो. त्यांनी मला खाली बसवलं आणि पट्टीजवळच्या माझ्या पेटीतून कोरी वही काढून दिली.

पट्टीवर चार बोटं पाणी होतं. हाताशी काठी होती. ती मी घोरपडीकडे दिली आणि लिहिलं : चार बोटं. कचरा नाही.