ओल्या पावलांची शीव

त्र्याहत्तर सालच्या चैत्रातली गोष्ट. लिंबाजी झरीहून रेशनचा दहा किलो मिलो डोक्यावर घेऊन वाघजाळीला परत येत होता. मिलो म्हणजे ती लाल परदेशी ज्वारी. भाकर थापताना तुटायची, खाताना घशात अडकायची, तरी त्या दुष्काळात तिच्यासाठी रांगा लागत. दोन पावसाळे कोरडे गेले होते. नाल्याच्या पात्रात बोटभर ओल उरली नव्हती.

वेशीपाशी दत्तराव त्याची वाट बघत उभा होता. गावातली निम्मी काळी रानं या दत्तरावची. तो डावा पाय ओढत चाले, आणि त्या पायाची हकिकत सगळ्या गावाला ठाऊक होती. दहा वर्षांचा असताना तो बैलगाडीवरून पडला आणि चाक पायावरून गेलं. जवळ फक्त लिंबाजी होता. त्यानं दत्तरावला पाठीवर घेऊन कोसभर वाट तुडवली. घरी पोचल्यावर आधी दत्तरावला आंघोळ घालण्यात आली, कारण त्याला लिंबाजी शिवला होता. मोडका पाय त्यानंतर बघितला गेला. एवढं होऊनही दोघांची दोस्ती टिकली. निदान लिंबाजी तसं समजत होता.

"उद्या मोजणीदार यायलाय," दत्तराव म्हणाला. "तलाव मंजूर झाला. आपल्या आन् कोल्हेवाडीच्या शिवेवर. जुने नकाशे वाळवीनं खाल्ले. शीव तुला ठावं हाय, दुसऱ्या कुणाला न्हाई."

"ती तर सरळ हाय. नाल्यापसून बाभळीपातूर, बाभळीपसून रायनाकाच्या धोंड्यापातूर."

"शीव पडंल तिथंच तलाव. सरळ धरली तर माझं काळं रान तलावात जातंय." दत्तरावनं आवाज उतरवला. "तू बाभळीपसून डावीकडं वळ. तिथं म्या दगडाची रास घातलीय."

"डावीकडं वळलं तर आमच्या वस्तीचं आठ एकर जाईल की."

"मुरमाड हाय ते. त्याच्या बदल्यात सडकेकडचं माझं आठ एकर वस्तीच्या नावानं करून देतो. माझी जबान हाय, लिंबाजी. तू मला पाठीवर आणलं होतंस, इसरलो न्हाई म्या."

लिंबाजी विरघळला. वस्तीत सत्तावीस घरं, आणि सगळ्यांची मिळून तेवढीच जमीन. तीत वर्षाकाठी पोतंभरही पिकत नव्हतं. सडकेकडच्या रानात विहीर होती. त्यानं मान हलवली आणि ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही, बायकोला, सुलाबाईलासुद्धा नाही.

आता ही काही साधी दोन गावांची शीव नव्हे. कधीकाळी ती दोन राज्यांची सरहद होती. वाघजाळी निजामाची, कोल्हेवाडी पेशव्यांच्या एका सरदाराची. लिंबाजीचा आजा सांगायचा, नाल्याच्या दोन्ही काठांवर तीन दिवस तोफा चालल्या, उभी पिकं जळाली, आणि चौथ्या दिवशी दोन्हीकडचे कारभारी थकून सरहद आखायला बसले. कागदावर कुणाचाच कुणावर भरवसा नव्हता. तेव्हा लिंबाजीच्या घराण्यातल्या रायनाकाला चालायला लावलं. तो शिवेचा राखणदार. रीत अशी होती: अनवाणी चालायचं, डोक्यावर आपल्या गावच्या मातीचं ढेकूळ, तोंडातून शब्द काढायचा नाही, मागं वळून बघायचं नाही. तो चालेल ती सरहद.

रायनाक खरा चालला. शेवटाला पोचल्यावर त्याच्या डोक्याला पागोटं बांधलं, दोन्हीकडच्यांनी शाबासकी दिली, आणि मागून ढकलून त्याला तयार खड्ड्यात उभा गाडला. जिवंत राहिला आणि उद्या कुणी फितवून दुसरीकडून चालवला, तर काय करायचं? म्हणून. वर धोंडा रोवला. त्याच्या बायकोला शेजारची मुरमाड जमीन दिली. वस्तीचं आठ एकर ते हेच.

छप्पन साली धम्मदीक्षा घेतली तेव्हा वस्तीनं गावकीची कामं टाकली, आणि शपथा, उतारे, अंगारे हेही टाकलं. लिंबाजीचा असल्या गोष्टींवर विश्वास उरला नव्हता. म्हणूनच त्याला वाटलं, ढेकूळ घेऊन चार पावलं वाकडी टाकली तर कुणाचं काय बिघडणार आहे. आठ एकर कशाबद्दल मिळालं होतं, ते मात्र तो त्या वेळी सोयीनं विसरला.

सकाळी मोजणीदार साखळी घेऊन आला. कोल्हेवाडीचे म्हातारे तात्याराव पंच म्हणून आले होते, ते काही ऐकेनात. "लिंबाजी ढेकूळ घेऊन चालंल तर आमी मानू. न्हाईतर तुमचा कागद तुमाला लखलाभ." मोजणीदार पूर्णेकडचा तरुण माणूस. तो हसला आणि म्हणाला, चालू द्या.

ऊन चांगलंच तापलं होतं. लिंबाजीनं चपला काढल्या, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि तिच्यावर ढेकूळ घेतलं. वाळून खडखडीत झालेलं, हलकं ढेकूळ. बाकीचे पन्नास पावलं मागून येत होते. बाभळीपर्यंत काही झालं नाही. बाभळीपाशी त्यानं डावीकडं खांदा वळवला आणि ढेकूळ जड झालं. चुंबळीतून मानेवर पाण्याचा ओघळ उतरला. घाम असेल, असं तो मनाशी म्हणाला. पण घामाला ओल्या रानाचा वास नसतो. दोन वर्षांत त्या शिवारात तो वास कुणी घेतला नव्हता.

मग पाठीशी पाऊल वाजलं. पन्नास पावलांवर नव्हे, अगदी मागं. चिखलातून पाय उपसावा तसं. पच्... पच्... आणि थांबलं.

"सरळ..." कानाशी कुणीतरी म्हणालं. आवाज जाड होता, तोंडात माती असल्यासारखा. "सरळ चल, बाबा..."

वळून बघायची मुभा नव्हती आणि हिंमतही नव्हती. त्याला पाठीवरचा दहा वर्षांचा दत्तराव आठवला, त्याचं रडणं आठवलं, आणि काल दिलेली जबान आठवली. त्यानं डावीकडं पाऊल टाकलं. मागची पावलं डावीकडं आली नाहीत. ती पच् पच् करत सरळ निघून गेली.

दगडांच्या राशीपाशी दत्तरावनं त्याला मिठी मारली आणि पिशवीतून नवा फेटा काढला. फेटा डोक्याला टेकताच लिंबाजी भाजल्यासारखा बाजूला झाला. दत्तराव हसला. तेवढ्यात तात्यारावांनी काठी उचलून माळाकडं दाखवलं.

"ते काय हाय?"

बाभळीपासून रायनाकाच्या धोंड्यापर्यंत ओल्या पावलांची रांग गेली होती. अनवाणी पावलं. जवळ गेल्यावर टाचेच्या खळग्यांत पाणी साचलेलं दिसलं.

"कुणी घागर घेऊन गेलं आसंल," दत्तराव म्हणाला. त्या वर्षी वाघजाळीत पाण्याची घागर असं सांडत जाणारं कुणी नव्हतं, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. मोजणीदारानं पावलांकडं बघितलं, मग दत्तरावकडं बघितलं, आणि जवळचं पाऊल बुटानं पुसून टाकलं. पंचनाम्यात डावीकडची शीव लिहिली गेली. तात्यारावांनी खाली मान घालून सही केली. खरं सांगायचं लिंबाजीच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यानं ते गिळलं आणि अंगठा दिला.

पंधरा दिवसांनी तो सडकेकडच्या रानाचं विचारायला गेला. दत्तराव ओसरीवर सुपारी कातरत बसला होता.

"कुठलं आठ एकर?"

"बदल्यात देतो म्हणलात की. जबान दिली तुमी."

"गवाही कोण हाय?" दत्तरावनं अडकित्त्यावरची नजरसुद्धा उचलली नाही. "ती जमीन कोल्हेवाडीची हाय, आसं ढेकूळ घेऊन तूच सांगितलंस. तिथल्या दफ्तरात तुमचं नाव न्हाई. म्या काय करू?"

लिंबाजी पायरीवर उभाच राहिला. जमीन गेली हे त्याला नंतर कळलं. आधी एवढंच कळलं, की ज्याला पाठीवर वाहिलं त्यानं आपल्याला कधी माणसात धरलंच नव्हतं. त्या दुःखानं त्याला रडूही आलं नाही. तो तालुक्याला गेला, खरी शीव सांगितली. तिथल्या साहेबांनी पंचनाम्यावरचा त्याचाच अंगठा त्याला दाखवला. भरपाईलाही वस्तीचं नाव लागलं नाही. सगळं उघड झालं तेव्हा सत्तावीस घरांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. सुलाबाई भाकर पुढं सरकवायची आणि तोंड फिरवायची.

"रायनाकाला परक्यांनी फशिवलं," ती एकदाच म्हणाली. "तुमी तर त्याच्या घरचे."

त्याच आठवड्यात दत्तरावच्या घराभोवती ओल्या पावलांचं कडं उमटलं. पहिल्या सकाळी ते परसाच्या बाहेर होतं. दुसऱ्या सकाळी हातभर आत आलं. दत्तरावनं राखण बसवली; राखणदारांना काही दिसलं नाही, पण सकाळी माती ओली. राख टाकली, गोमूत्र शिंपडलं. कडं रोज हातभर आत. भिंतींची त्याला अडचण नव्हती. अंगणातून ते ओसरीवर आलं, ओसरीवरून माजघरात.

ज्येष्ठ लागला तेव्हा एका दुपारी दत्तराव पाय ओढत लिंबाजीच्या दारात आला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या उंबऱ्यावर बसला. अंगावर मांस राहिलं नव्हतं.

"खाटंच्या खुराला लागलंय," तो म्हणाला. "आता आत जागा न्हाई... तू त्याच्या घराण्यातला. तू सांग त्याला."

"काय सांगू?"

"सडकेकडचं देतो म्हणून."

"जबानीवर?" लिंबाजीनं विचारलं.

दत्तरावनं त्याचे पाय धरले. लिंबाजीनं ते सोडवून घेतले आणि दार लावलं. त्याला बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. फार दिवसांनी त्याला त्या दुपारी पोटभर जेवण गेलं.

दुसऱ्या सकाळी दत्तरावच्या खोलीचं दार फोडावं लागलं. कडी आतून लावलेली होती. खाट भिंतीला सरकली होती आणि सारवलेल्या भुईवर पावलांचं कडं होतं, एक माणूस उभा राहील एवढंच. कड्यात तो नवा फेटा पडला होता, चिंब ओला. दत्तराव नव्हता. विहिरी बघितल्या, परभणी, पोखर्णी, पूर्णेचं स्टेशन बघितलं, पोलीस येऊन गेले. रायनाकाचा धोंडा हलवून बघा, असं कुणीतरी बोललं. पुढं कुणी झालं नाही.

चार दिवस गेले. पाचव्या सकाळी लिंबाजीनं दार उघडलं तर लांब, लिंबाच्या झाडापलीकडून, त्याच्या घराला वेढून पावलं गेलेली होती. आभाळ कोरडं होतं. तो जवळ गेला. अनवाणी पावलं ओळखीची होती. आपण त्याच्याच रक्ताचे, आपल्याला तो काय करणार, असं म्हणून तो खाली वाकला. मग त्याला दिसलं, की रांग एकटी नाही. तिच्या मागून दुसरी रांग चालली होती, आणि तिच्यात डावं पाऊल उचललेलं नव्हतं. एका ठशापासून दुसऱ्या ठशापर्यंत पाय ओढल्याची लांब ओली रेघ होती.

"काय बघायलात?" सुलाबाईनं दारातून विचारलं. महिन्याभरात ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलली होती.

"काय न्हाई."

ती आत गेल्यावर त्यानं उंबऱ्यापासून कड्यापर्यंतचं अंतर हातानं मोजलं. एकवीस हात भरलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा मोजलं. वीस.