राखून ठेवलेला डाग

पार्लरच्या मागच्या पायरीवर ती बसली होती. पँटचा एक पाय गुडघ्यापर्यंत वर गुंडाळलेला, दोऱ्याचं टोक दातांत, आणि स्वतःच्याच नडगीवरचे केस उपटण्यात ती इतकी गढून गेली होती की बोळातली पावलं तिला ऐकूच आली नाहीत.

“पाय सोलून काढताय की काय?”

ती दचकली आणि दोरा तटकन तुटला. समोर एक उंच माणूस उभा होता. भुवयांपर्यंत पीठ, आणि त्या पिठातून डोळे तेवढे हसत होते. बोळाच्या पलीकडच्या बेकरीतला भट्टीवाला तो हाच, हे तिच्या नाकाला आधी कळलं.

“शिकतेय,” ती फणकाऱ्याने म्हणाली. “शिकणाऱ्याला हसू नये.”

“हसलो कुठं? मी शिकत होतो तेव्हा माझे बन बोळातल्या कुत्र्यानं वास घेऊन सोडून दिले होते.”

हसायचं नाही असं तिने ठरवलं होतं. पण ते कुत्रं डोळ्यांपुढे आलं आणि सगळा बेत फसला.

खरं तर त्या दिवसांत तिला हसू येण्यासारखं काहीच नव्हतं. कुरियरच्या ऑफिसात वर्षानुवर्षं पत्ते टाइप करून कंटाळलेली ही मुलगी, चांगली चालती नोकरी सोडून पार्लरचं काम शिकायला आली होती. बाबांनी तेव्हापासून अबोला धरला होता. बोललेच तर आईला उद्देशून बोलायचे, “विचार तिला, लोकांची तोंडं रंगवायलाच शिकवलं होतं का आपण?” वहिनी बिचारी हौसेने पहिली गिऱ्हाईक झाली होती आणि तेव्हापासून तिची डावी भुवई कायमची आश्चर्यात होती. पार्लरच्या मॅडमच्या कानावर ती भुवई गेली आणि त्यांनी फर्मान काढलं की चेहऱ्याला हात लावायचा नाही. आधी स्वतःचे पाय, मग दुसऱ्यांचे हात, मग बघू. पार्लरमध्ये दोघीच मुली होत्या. एकीला सगळे ‘जुनी’ म्हणत, म्हणून ही आपोआप ‘नवी’ झाली.

भट्टीवाला गेला नाही. जरा घुटमळला, आणि मग बाह्या वर सारत म्हणाला, “असले डाग... जातात का हो तुमच्याकडे?”

मनगटापासून कोपरापर्यंत दोन्ही हातांवर काळपट रेघा होत्या, आखलेल्या वहीसारख्या. तापलेल्या ट्रेच्या कडा लागून लागून पडलेल्या. त्याला एका मोठ्या हॉटेलात काम मिळण्यासारखं होतं. तिथे काचेमागे उभं राहून पाहुण्यांसमोर भाजायचं होतं आणि असले हात त्यांना चालणार नव्हते.

मॅडमनी ते हात उलटेपालटे करून पाहिले आणि नवीकडे वळल्या. “घे, हे तुझं पहिलं काम. पील लावायचं, दर आठवड्याला. मापात. हे हात उजळले की चेहऱ्याची खुर्ची तुझी.”

मग दर आठवड्याला, दुपारी भट्टी निवली की तो यायचा. हात खसाखसा धुऊन, केस ओले करून, शहाण्या मुलासारखा खुर्चीत बसायचा. ती त्याचा हात टॉवेलवर घ्यायची, बारीक ब्रशने एकेका डागावर औषध टेकवायची. त्या औषधाने वरची काळवंडलेली साल हळूहळू निघून जाते. लावल्यावर झोंबतं, म्हणून ती फुंकर घालायची. फुंकर घालणं शिकवलेल्यात नव्हतं, हे जुनीच्या लगेच लक्षात आलं.

“झोंबतंय?” ती विचारायची.

“कुठं काय... तुम्ही फुंकर घालता तेव्हा थोडं झोंबतं.”

“मग नाही घालत.”

“तसं नका करू. सवय झालीय.”

येताना तो कागदात बिस्किटं बांधून आणायचा. तुटकी. तुटलेली विकता येत नाहीत, म्हणून आणली, असं दर वेळी न चुकता सांगायचा. एक दिवस जुनीने पुडी उघडली, बिस्किटं निरखून पाहिली आणि म्हणाली, “अगं नवी, आज एकही तुटलेलं नाही गं.” नवीने मान खाली घालून ब्रश धुवायला घेतला, जो मघाशीच धुऊन झाला होता.

इथपर्यंत सगळं गोड होतं. गोष्ट इथेच थांबती तर किती बरं झालं असतं.

पण एका दुपारी बेकरीचे मालक दारात उभे राहून मॅडमशी बोलत होते. असा कारागीर पुन्हा मिळायचा नाही, पोरगा हातचा गेलाच म्हणायचा, असं काहीबाही. आत तिच्या हातातली बाटली तशीच राहिली. मोठं हॉटेल म्हणजे लांबचं शहर, हे तिने स्वतःच्या मनाशीच ठरवून टाकलं. कुठलं हॉटेल, कुठे, हे त्याला विचारायला जीभ वळेना. विचारलं तर तुम्हाला कशाला हवंय, असं तो हसून विचारणार, आणि त्याचं उत्तर तिच्या चेहऱ्यावर त्याला वाचता येणार.

डाग गेले की हा जाणार. एवढंच तिला कळत होतं.

त्या दिवशी तिने वाटीत औषध मापाच्या निम्मंच ओतलं, उरलेलं माप नळाखाली धरून पाण्याने भरलं. मागे वळून दोनदा दाराकडे बघितलं. पुढच्या वेळी एकदाच. त्यानंतर नळाकडे तिची पावलं आपसूक वळू लागली. चांगली पोर, पण प्रेमात माणसाची अक्कल चरायला जाते, ती हिचीही गेली. आपण त्याचं काही हिरावून घेतोय असं तिला वाटलंच नाही. आणखी थोडे दिवस मागून घेतोय, असं वाटलं.

“माझी कातडीच निबर,” तो हात बघत म्हणायचा. “भट्टीची ना.”

“होईल... हळूहळू,” ती म्हणायची आणि त्याच्याकडे बघायची नाही.

शेवटी मॅडमच्या डोळ्यांत ते खुपलं. एक दिवस त्या मध्येच येऊन उभ्या राहिल्या, त्याचा हात उजेडात धरला आणि थंड आवाजात म्हणाल्या, “नवी, एवढ्या दिवसांत हे एवढंच? काय लावतेस तू?”

तिच्या तोंडचं पाणी पळालं. सांगून टाकायचं होतं, जिभेच्या टोकाशी आलंही होतं. तेवढ्यात तो खुर्चीतून म्हणाला, “त्यांची चूक नाही मॅडम. माझीच आहे. मलम लावायला सांगतात, मी लावत नाही. उन्हात उघड्या हातांनी हिंडतो. त्या दर वेळी रागावतात.”

साफ खोटं. मलम तो नेमाने लावायचा, उन्हाळ्यातसुद्धा लांब बाह्या घालायचा. शिकाऊ मुलीला जमत नाहीये, तिची नोकरी जाऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं. तिच्या अज्ञानावर त्याने पांघरूण घातलं, आणि ते अज्ञान नव्हतंच. शरमेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी ती गप्प राहिली. पुढे तिला सगळ्यात जास्त टोचत राहिलं ते हेच. पाणी घालणं एक वेळ माफ, पण बोलायची वेळ समोर येऊन उभी राहिली आणि ती टॉवेलच्या घड्या घालत बसली.

मॅडमनी ते काम जुनीकडे दिलं. नवी पुन्हा मागच्या पायरीवर आली, दोरा आणि नडगी घेऊन. तो आता पुढच्या दाराने यायचा आणि पुढच्याच दाराने जायचा. बिस्किटांची पुडी मात्र खिडकीत ठेवलेली असायची.

एका दुपारी तो मागच्या दाराशी आला. अंगात इस्त्रीचा शर्ट होता, पीठ कुठेच नव्हतं, आणि त्यामुळे तो परक्यासारखा दिसत होता. त्याने न बोलता बाह्या वर केल्या. दोन्ही हात स्वच्छ. फक्त डाव्या कोपराशी एक काळी रेघ.

“हा राहिला,” ती म्हणाली.

“राहिला नाही. राखला.” तो प्रथमच तिच्याकडे नीट बघत होता. “जुनीला हात लावू दिला नाही. म्हटलं, सुरुवात जिनं केली तिच्याच हातून... उद्या निघतोय मी. समुद्रापलीकडं आहे हॉटेल. तीन वर्षांचा करार.”

“लांबच असणार, माहीत होतं मला.”

“माहीत होतं? मलाच गेल्या महिन्यात कळलं. आधीचं तर इथलंच होतं. पुलापलीकडचं.”

तिला वाटलं आपण काहीतरी भलतंच ऐकलं. “पुलापलीकडचं?”

“मग! ते पांढरं मोठं, बस थांबते तिथं. त्यांनी पुष्कळ वाट बघितली. हात उजळेनात, शेवटी दुसऱ्याला घेतलं. मग म्हणाले, आमचंच तिकडं एक आहे, जाणार का? हो म्हटलं.” तो थांबला. बाही उगीच खाली-वर करू लागला. “पुलापलीकडं लागलो असतो ना... तर तुला विचारणार होतो. बोळातल्या भट्टीवाल्याला तुझ्या बाबांनी दारात उभं केलं नसतं. म्हटलं, काचेमागं उभा राहीन, मग त्यांच्याकडं जाईन.”

तो तिला ‘तू’ म्हणाला होता. ही वेळ तिने किती दुपारी मनात रंगवली होती, आणि आली ती अशी.

“मी पाणी घालत होते,” ती म्हणाली.

“कशात?”

“औषधात. निम्मं. तू जाऊ नयेस म्हणून.”

पलीकडे बेकरीत कोणीतरी ट्रे आपटला. मग तो हसला, पण त्या हसण्यात डोळे नव्हते. “आणि मी कातडीला दोष देत होतो.” त्याने मान हलवली. “अगं, एकदा विचारायचंस तरी. कुठलं हॉटेल, एवढंच.”

एवढंच. तिला रडूही येईना.

“अजूनही...” तो म्हणाला आणि अडखळला. “अजून सही तेवढी केलीय. निघालो नाहीये. तू म्हणालीस तर—”

ती म्हणाली असती तर तो थांबला असता, यात तिला तिळभर शंका नव्हती. ‘थांब’ हा शब्द तिच्या ओठांवर आला. पण एकदा त्याला न सांगता अडवलं होतं, आणि त्याचं फळ इस्त्रीचा शर्ट घालून समोर उभं होतं. आता थांबला तर पुन्हा त्याच भट्टीपुढे, तेच ट्रे, तेच डाग, आणि ते सगळे तिने दिलेले.

“ये, बस खुर्चीत,” ती म्हणाली.

आत कोणी नव्हतं. तिने त्याचा हात टॉवेलवर घेतला. वाटी काढली, बाटली तिरकी केली, आणि औषध मापाच्या रेघेपर्यंत भरलं. नळाकडे गेली नाही. तो बघत होता.

ब्रश टेकला तसा त्याने श्वास आत ओढला.

“झोंबतंय?”

“खूप.”

“पूर्ण ताकदीचं आहे.”

“कळतंय.” मग थोड्या वेळाने हळूच म्हणाला, “फुंकर?”

तिने फुंकर घातली. डोळ्यांतलं पाणी त्याच्या हातावर पडू नये म्हणून मान जरा बाजूला करून घातली.

“आठवडाभरात साल निघेल,” ती शिकवल्याप्रमाणे सांगू लागली. “ओढायची नाही. आपसूक पडू द्यायची. उन्हापासून जपायचं. मलम...”

“नेमानं लावीन.”

आठवडाभराने तो समुद्रापलीकडे असणार होता. तिने पहिल्यांदा नीट केलेलं काम तिला स्वतःला कधी दिसणार नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळात वेळ भरत आली. आणखी थोडा वेळ हात धरून बसली असती तर तो काही बोलला नसता, बघायलाही कोणी नव्हतं. वेळ भरली तशी तिने ओल्या बोळ्याने औषध पुसलं, हात कोरडा केला, बाही मनगटापर्यंत खाली ओढून बटण लावलं, आणि हात सोडला.