टूवाचं कपाट

लिफ्टचं दार मिटेना, कारण टूवाचा लांबलचक खोका अर्धा बाहेर होता.

"मदत करू?" वरच्या मजल्यावरचा एस्किल दालचिनीचे पाव घेऊन मागे उभा होता.

"नको. माझं मी करते."

स्वीडनमधल्या लुंड शहरातल्या त्या इमारतीत टूवा कालच एकटी राहायला आली होती. "तुला साधी फळी ठोकता येत नाही," असं हिणवणाऱ्या जोडीदाराला, योआकिमला सोडून. त्यामुळे खोक्यातलं हे सुटं कपाट ती स्वतःच जोडणार होती... मग जीव गेला तरी चालेल!

"असल्या कपाटांसोबत येणारे जोडणीचे कागद मीच तयार करतो," एस्किल म्हणाला. "नुसती चित्रं. लोक ती कशी वाचतात, बघू दे ना..."

"बघ. पण बोलायचं नाही, हात लावायचा नाही."

टूवाच्या घरी दाराशी बूट काढून तो मुकाट बसला. फाटक्या मोज्यातून अंगठा डोकावत होता. टूवाने हसू दाबलं.

स्क्रू पिळताना तीच बडबडत राहिली. प्रयोगशाळेत ती विषाणूंचं कवच कसं बनतं ते अभ्यासायची. "सुटे तुकडे पाण्यात सोडायचे. ना कागद, ना पाना. धडकत धडकत आपोआप जुळतात. चुकलं तर सुटतात, पुन्हा शोधतात."

एस्किल तिच्याकडेच बघत होता. तिचे कान तापले.

दोन तासांनी कपाट जुळलं... आणि तळाची फळी उलटी! कच्ची बाजू समोर.

"तुला दिसलं होतं?"

त्याने मान डोलावली.

"कधी?"

"बोलू?... तिसऱ्या चित्रापासून."

"आणि गप्प बसलास? गाढवा!"

"तुझं काम होतं, टूवा. तुझ्या हातून काढून घ्यावंसं वाटलं नाही."

असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तिने सगळं खोललं आणि पुन्हा जोडलं, बिनचूक. शेवटच्या चित्रात कपाट उचलायला दोन माणसं होती. तिने ते एकटीने, खांदा लावून उभं केलं. अभिमानाने तिचा ऊर भरून आला.

"शाब्बास!" म्हणत एस्किल बूट घालू लागला.

"उद्याही ये."

"आणखी काही जोडायचंय?"

"नाही," टूवा ताठ मानेने म्हणाली. "माझं सगळं मला जमतं. तू... तू मला आवडलास, म्हणून ये."

एस्किलच्या हातून बुटाची नाडी सुटली ती सुटलीच.