बहात्तराव्या रकान्यापलीकडे

जुन्या प्रोग्रामिंग भाषांना हसणं हा आमच्या धंद्यातला पिढीजात आजार आहे. मीही हसायचे. आता हसत नाही, आणि का हसत नाही तेच सांगायला बसले आहे. तुम्हाला घाबरवायचा हेतू नाही. मला खरं तर आभार मानायचे आहेत. फक्त कुणाचे, हे सांगताना अजूनही मागे वळून बघते.

काम साधं होतं. मामाच्या घशातल्या गाठीवर किरणांचे उपचार सोमवारी सकाळी आठला सुरू व्हायचे होते. आई-बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. मामानं मला वाढवलं. हा सडाफटिंग माणूस माझ्यासाठी वेणी घालायला शिकला. तर, त्या इस्पितळातल्या यंत्राचा किरणस्रोत नुकताच बदलला होता. नवा स्रोत जुन्याच्या १.८५ पट प्रखर. कुठल्या रोग्याला किती मिनिटं किरण द्यायचे ते चाळीस वर्षांपूर्वीचा एक प्रोग्राम ठरवायचा, आणि त्यात हा नवा आकडा घालणारं माणूस कुठे सापडत नव्हतं. उपचार महिनाभर पुढे ढकलायची भाषा सुरू झाली. गाठ काही महिनाभर थांबणार नव्हती. मी म्हटलं, मी येते, फुकट येते. आणि रविवारी दुपारी गेले.

खोली तळघरात होती. वर रस्त्यावर डोळे दिपवणारं ऊन होतं, पण चौदा पायऱ्या उतरल्यावर दिवस कुठला आणि रात्र कुठली ते कळेना. खिडकी नाही. एक ट्यूबलाइट, तिची न थांबणारी बारीक गुणगुण, कोपऱ्यात दोन्ही कडांना भोकं असलेल्या लांबच लांब कागदाचा जुना प्रिंटर. तापलेल्या धुळीचा वास येत होता, आणि त्यात मिसळलेला डोकेदुखीच्या बामचा. यंत्र चालवणाऱ्या ताईंनी कुलूप काढून दिलं.

"ताई, डोकं दुखतंय का तुमचं?"

"नाही हो मॅडम. इथे येतोच तो वास."

प्रोग्राम उघडला. नऊशे चाळीस ओळी. लिहिणाऱ्या गृहस्थांना सगळे 'बहात्तर' म्हणायचे, असं ताई म्हणाल्या. आम्हा लोकांना त्याचं कारण सांगावं लागत नाही. ती भाषा पंचकार्डांच्या, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांच्या काळातली. एका ओळीत ऐंशी रकाने, एका रकान्यात एक अक्षर, पण यंत्र वाचतं पहिले बहात्तरच. उरलेले आठ कार्डांना क्रमांक घालायला ठेवलेले. तिथे काहीही लिहा, यंत्र ढुंकूनही बघत नाही, आणि चूक झाली असंही सांगत नाही. या गृहस्थांनी त्या आठ रकान्यांत विनोद लिहून ठेवले होते. इंग्रजी मोठ्या अक्षरांत मराठी, एका ओळीला आठ अक्षरं, मग खालच्या ओळीला पुढची आठ. चिंचोळ्या बोळातून चालत जावं तसं वाचत खाली उतरायचं.

या भाषेत एक आज्ञा अशी आहे की ती स्वतः काहीच करत नाही, नुसती उभी असते. तिच्या शेजारी लिहिलं होतं, 'ही काही करत नाही. पण काढली तर सगळं कोसळतं. आमच्या कचेरीत असे तिघे आहेत.' आकड्यांना दिलेल्या नावांपैकी ठरावीक अक्षरांनी सुरू होणारी नावं अपूर्णांक टाकून देतात, असाही एक नियम आहे. तिथे होतं, 'आमच्या साहेबांचं नाव याच अक्षरावरून. अर्धा दिवस रजा मागितली तर ऐकूच जात नाही.' उत्तर ऋण, शून्य की धन यावरून तीन वाटा फुटतात तिथे, 'घरी विचारलं तरी तीनच: नाही, हं, आणि बघू.'

मी एकटीच मोठ्यानं हसले. खोलीत ते हसणं जरा जास्तच वेळ राहिलं.

मग काम केलं. वेळ काढणारी ओळ सापडली. आमच्या हल्लीच्या सवयीनं मी आकड्यांना ऐसपैस, लांब नावं देऊन ती नव्यानं लिहिली आणि शेवटी भागिले १.८५ जोडलं. मामाची मापं घातली. उत्तर आलं ३.७ मिनिटं. कपाटातली जुनी कार्डं काढून पाहिली, तर अशाच रोग्यांना ३.६, ३.८ दिलेली. जुळलं म्हणून मी खूश. ताईंनी मामाच्या कार्डावर ३.७ लिहिलं आणि त्या चहा आणायला वर गेल्या.

फायलीला लावायला म्हणून मी प्रोग्राम छापायला सोडला. प्रिंटर करकरत निघाला. निम्म्याच्या पुढे गेल्यावर त्याची चाल मंदावली... एका ओळीवर येऊन तो थबकला. मग तीच ओळ त्यानं पुन्हा गिरवली. आणि पुन्हा. शाई संपली असेल म्हणून मी उठून पाहायला गेले.

ती माझी ओळ होती. तिच्याखालच्या ओळींना तो आठ रकान्यांचा बोळ मघाशी मोकळा होता, मी स्वतः पाहिलेला. आता तिथे अक्षरं उमटत होती. मी एकेक ओळ जुळवत वाचलं.

'पोरी, तुझं शेपूट माझ्या अंगणात आलंय. घेऊन जा.'

बामचा वास एकदम मानेजवळ आला. मी मागे पाहिलं नाही. खोटं कशाला बोलू, धीरच झाला नाही. समोरच्या ओळीवर बोट ठेवून रकाने मोजत गेले. सत्तर. एकाहत्तर. बहात्तर. बहात्तराव्यावर १.८५ मधला एक आणि टिंब संपत होतं. ८५ पलीकडे पडले होते. यंत्र १.८५ नं भागत नव्हतंच, नुसतं एकानं भागत होतं. म्हणूनच तर जुन्या कार्डांशी जुळलं. जुळायलाच नको होतं; नवा स्रोत प्रखर, वेळ कमी यायला हवा होता. मामाच्या घशावर जवळजवळ दुप्पट वेळ किरण पडणार होते, माझ्या हातून, आणि कार्डावर तो आकडा लिहूनही झाला होता. पट्टीचा पोहणाराच बुडतो म्हणतात ते असं.

ताई चहा घेऊन आल्या तेव्हा मी जमिनीवर बसले होते.

"ताई... इथे मघाशी कुणी काही टाइप केलं का?"

"कोण करणार? मला तर चालूबंद करण्यापलीकडे..." त्यांनी कागद हातात घेतला. ओठ हलवत वाचला. मग म्हणाल्या, "'पोरी'च म्हणायचे ते. मला पण."

"कधी गेले?"

"अकरा वर्षं झाली. रविवारच होता. याच खुर्चीत... प्रिंटर चालूच राहिलेला. सकाळी आम्ही आलो तर गुडघाभर कागद."

संगणकावर ती ओळ पाहिली. बोळ मोकळा होता. फायलीत एक अक्षरही नव्हतं, जे होतं ते कागदावरच. मी ओळ तोडून दोन केल्या. मापं पुन्हा घातली. उत्तर आलं बरोबर दोन मिनिटं. ताईंनी ३.७ वर काट मारून २.० लिहिलं, आणि मला हात धरून उठवलं. निघताना मी त्या खुर्चीला वाकून नमस्कार केला. ताई हसल्या नाहीत. त्यांनीही केला.

मामा बरा झाला. आज एक्क्याऐंशीचा आहे, रोज माझ्या हातच्या चहाला नावं ठेवतो, आणि त्याचं प्रत्येक कुरकुरणं मला भरून पावल्यासारखं वाटतं. हे सगळं मी त्या माणसाला देणं लागते, ज्याचा चेहराही मी कधी पाहिला नाही. रोज मनातल्या मनात आभार मानते. कधी विसरले नाही.

एक गोष्ट मात्र ताईंनाही सांगितलेली नाही.

सोमवारी मामाला आत नेलं. किरण चालू असताना त्या खोलीत कुणी थांबत नाही. जाड दार बंद होतं आणि रोगी एकटा असतो. दोन मिनिटांनी दार उघडलं. मामा हसत बाहेर आला.

"ते म्हातारे गृहस्थ होते म्हणून बरं गं. नाहीतर एकट्याला भीतीच वाटली असती."

"कोण गृहस्थ, मामा...?"

"स्टुलावर बसलेले. एकसारखे विनोद सांगत होते, आणि हसू नका, मान हलेल, असंही तेच म्हणत होते. तुझी चौकशी केली. म्हणाले, पोर गुणी आहे, आमच्या बाजूला तिच्यासाठी जागा धरून ठेवलीय."

मामानं शर्टाचं वरचं बटण लावलं, आणि माझ्याकडे बघत सहज विचारलं, "कुठे जायचंय गं तुला?"